काकूंच्या पाटल्या आणि वसाहतीचा ग्रुप: एका आरोपाचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका जुन्या वसाहतीत घडलं. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे तीन ॲडमिन आहेत, त्यातली एक मी. म्हणजे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे. दोन्ही बाजूंना विचारून हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव कुणाचंच घेतलेलं नाही. ज्यांचं सोनं दिसेनासं झालं त्यांना काकू म्हणते आणि ज्यांच्यावर आळ आला त्यांना मावशी. वसाहतीतही सगळे त्यांना अशीच हाक मारतात.

पार्श्वभूमी

वसाहत म्हाडाची. आठ इमारती, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. अडीचशेच्या आसपास घरं. पूर्वी निरोप द्यायचा तर जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहायचा, नाहीतर वॉचमनला दारोदार पाठवायचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली त्या रात्री वाण्याच्या दुकानासमोर उडालेली झुंबड पाहून दोन नंबर इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलाने ग्रुप काढला. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जणच मावायचे, म्हणून एका घरातून एकच नंबर असं ठरलं.

या ग्रुपने माणसं वाचवली आहेत, हे आधी सांगते. वसाहतीत मिळून तीन ऑक्सिमीटर होते. कोणता कुणाच्या घरी आहे आणि पुढे कुणाला हवा आहे हे ग्रुपवर कळायचं आणि पिशवीत घालून तो दाराच्या कडीला अडकवला जायचा. रात्री दोन वाजता एका आजोबांची पातळी ८४ दाखवली तेव्हा सात मिनिटांत खाली गाडी उभी होती. पुढे १८ जुलै २०२१ ला पहाटे भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाचं पाणी शिरलं आणि मुंबईच्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. आमच्याकडे नऊ वाजेपर्यंत कुठल्या इमारतीच्या टाकीत किती पाणी आहे याची यादी तयार होती आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे कोणी कळशी पोचवायची ती नावंही. हे फळ्यावर झालं नसतं. ग्रुप बंद करा असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

पण ग्रुपमध्ये कोण नव्हतं, तेही सांगायला हवं. भांडी-लादी करणाऱ्या बायका, पोळ्या करणाऱ्या, दूध टाकणारा, इस्त्रीवाला, वॉचमन यांतलं कुणीच नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये आम्ही त्यांच्यासाठी तांदूळ-डाळ-तेल जमवलं, चौतीस कुटुंबांना दिलं. त्या वेळी त्यांची नावं, फोन नंबर, चाळीचा पत्ता आणि शिधा घेतानाचे फोटो असं सगळं ग्रुपवर टाकलं. हेतू चांगला होता. हिशोब सगळ्यांना दिसावा एवढंच मनात होतं. त्यांना विचारावं हे मात्र एकालाही सुचलं नाही. ग्रुप लागला तेव्हापासून आम्ही त्यांच्याविषयी बोलत होतो आणि ती माणसं तिथे नव्हती. पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

नेमकं काय घडलं

काकूंचं वय चौऱ्याहत्तर. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या, मुलगा पुण्याला. वसाहतीतल्या निम्म्या मुलांना त्यांनी पाढे शिकवले आहेत. मावशी त्यांच्याकडे अकरा वर्षं कामाला. काकू गावी गेल्या की घराची चावी मावशींकडे असायची, तुळशीला पाणी घालायला.

२०२३ च्या गणपतीला काकू कोकणात गेल्या, गौरीविसर्जन करून सोमवारी परतल्या. बुधवारी सकाळी कपाट उघडलं तर पाटल्यांचा बटवा जागेवर नव्हता. त्या घाबरल्या, शेजारच्या सूनबाईंना हाक मारली. ग्रुपवर लिहिलं ते सूनबाईंनी, काकूंनी नव्हे. १०.२२ ची वेळ, मेसेज असा:

‘सर्वांनी सावध राहा. आपल्या काकूंच्या सोन्याच्या पाटल्या चोरीला गेल्या आहेत. घराची चावी फक्त या बाईकडे होती. ही तुमच्याकडे कामाला असेल तर आपापलं सोनं तपासून बघा.’

खाली फोटो. तो जानेवारीतल्या आमच्या हळदीकुंकवातला होता. हिरवी साडी, केसांत गजरा, हातात वाणाची स्टीलची वाटी आणि त्यात तिळगूळ. बाकीच्या बायका कापून टाकल्या होत्या, पण डाव्या कडेला एक कोपर आणि दोन बांगड्या राहिल्या होत्या. तो हात माझा आहे. फोटोत मी मावशींना खेटून उभी होते.

मेसेज पडला तेव्हा मावशी त्याच इमारतीत दोन मजले वर भांडी घासत होत्या.

पुढच्या तासाभरात पन्नासेक उत्तरं आली. ‘यांना डोक्यावर बसवलं की असंच होतं.’ ‘आमच्याकडे पण मागे साखळी गेली होती, तेव्हा शंका आलीच होती.’ हात जोडलेले, रागाने लाल झालेले चेहरे. बारावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘काकू, नीट शोधलंत का एकदा?’ त्यावर तिला उत्तर मिळालं की काकू काय खोटं बोलतात का? मग तीही गप्प बसली.

साडेअकराला सेक्रेटरींनी वॉचमनला सांगितलं की या बाईंना आत सोडायचं नाही. कमिटीचा ठराव नाही, लेखी काही नाही. मावशी खाली उतरल्या, दुसऱ्या इमारतीतल्या कामावर जायला निघाल्या तर वॉचमनने अडवलं. त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं आधार कार्ड काढलं आणि त्यामागचं घरेलू कामगार मंडळाच्या नोंदणीचं कार्डही. त्यांना वाटलं, ओळखपत्राचा काही नवा नियम आला असेल. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, ‘मावशी, मला काही विचारू नका.’ हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

कशासाठी अडवलं ते त्यांना दुपारी चार वाजता कळलं. त्यांच्या लेकीच्या फोनवर तोच मेसेज आला, शेजारच्या टॉवरमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीकडून. आमच्या ग्रुपवरून तो शेजारच्या वसाहतीच्या ग्रुपवर, तिथून टॉवरच्या आणि एका भिशीच्या ग्रुपवर गेला होता. मावशींनी सहा घरं धरली होती, महिन्याचे साडेअकरा हजार. संध्याकाळपर्यंत सहाही घरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. लाखो लोकांत पसरणाऱ्या अफवेला अशी वेसण उपयोगी असेल. एका बाईचं पोट जिथे जिथे अवलंबून आहे ती सगळी घरं मात्र चार ग्रुपमध्ये मावतात. आमच्याकडे मर्यादा ओलांडायची वेळच आली नाही.

पहिला निर्णय: मेसेज ठेवायचा की काढायचा

दुपारी एकला आम्ही तिघं ॲडमिन फोनवर बोललो. तेव्हा समोर चार वाटा होत्या: मेसेज काढून टाकणं (२०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो), ग्रुप काही काळ फक्त ॲडमिनपुरता ठेवणं, काकूंना पोलिसांत तक्रार द्यायला सांगणं आणि मावशींना फोन करून त्यांची बाजू ऐकणं.

यातलं एकही आम्ही त्या दिवशी केलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी संयम बाळगावा, खात्री झाल्याशिवाय मतप्रदर्शन करू नये.’ शब्द नीटनेटके होते, पण वरचा फोटो तसाच राहिला.

का नाही काढला? काकूंना काय वाटेल, हे पहिलं. आमच्या शिक्षिका, त्यात एकट्या, त्यात सोनं गेलेलं. त्यांचा मेसेज काढला तर आपण चोराच्या बाजूचे ठरू. दुसरं म्हणजे मनात कुठेतरी आम्हालाही वाटत होतं की चावी तर त्यांच्याकडेच होती. आणि तिसरं, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. ट्रॉली, ढोल, फुलं, वर्गणीचा हिशोब. ‘विसर्जन होऊ दे, मग शांतपणे बघू,’ असं आमच्यातले एक जण म्हणाले आणि मला ते सोयीचं वाटलं.

तिघांपैकी एकाला दुसरीच धास्ती होती, उद्या बदनामीचा दावा झाला तर ॲडमिन अडकेल. वसाहतीतल्या वकीलदादांनी त्यावर सांगितलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलं आहे, सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन त्याचा सामायिक हेतू असल्याशिवाय जबाबदार धरला जात नाही. लिहिणाऱ्यावर मात्र बदनामीचं कलम लागू शकतं. हे ऐकून आमची धास्ती गेली आणि तिच्याबरोबर घाईही गेली. वकीलदादांची यात काही चूक नाही. आमचा प्रश्न आम्हाला काय होईल एवढाच होता, त्यांनी त्याचं उत्तर दिलं.

मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी मी काढला, सत्तावीस तासांनी. फक्त आमच्या ग्रुपवरून. बाकी तीन ठिकाणी तो होता तसाच राहिला.

दुसरा निर्णय: पोलिसांत जायचं की नाही

काकू ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणाल्या आणि सगळ्यांनी मान डोलावली. मावशींना वाचवायला म्हणून ते चांगलंच झालं असं तेव्हा वाटलं. आज मला उलट वाटतं. तक्रार झाली असती तर काकूंना जबाब द्यावा लागला असता: बटवा शेवटचा कधी पाहिला, कुठे ठेवला, आणखी कुठे शोधलं. घराची झडती झाली असती. मावशींनाही विचारलं असतं, म्हणजे त्यांना बोलायला जागा मिळाली असती. ठाण्यावर जाणं कुठल्याही गरीब बाईला सोपं नाही, हे मला कळतं. ग्रुपवर मात्र चौकशी झालीच नाही आणि शिक्षा पूर्ण झाली.

मावशींना मी पहिला फोन केला तो शुक्रवारी. त्या फार बोलल्या नाहीत. एक वाक्य माझ्या कानातून जात नाही: ‘ताई, मी वरच होते ना. एक हाक मारली असती तर पदराला हात पुसत आले असते खाली.’

पाटल्या सापडल्यावर

घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी, १७ ऑक्टोबरला काकूंनी दळण काढायला गव्हाच्या पिंपात हात घातला. बटवा तिथे होता. गावी निघताना कपाटात नको म्हणून त्यांनीच तो गव्हात खोल दडवला होता आणि प्रवास, गौरी, पाहुणे या सगळ्यात विसरून गेल्या होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे कुणाचंही होईल.

काकूंच्या मुलाने मला पुण्याहून फोन केला. ‘मिळाल्यात पाटल्या. आईला फार लागलंय. कृपा करून विषय इथेच मिटवा.’ मावशींच्या घरी जाऊन पाच हजार रुपये आणि साडी देतो म्हणाला. इथे आम्ही तिघं पुन्हा फोनवर आलो, आणि या वेळी वाद झाला. एकाचं म्हणणं, काकूंना ग्रुपवर उघडं पाडू नये, त्या खचतील. माझं म्हणणं, आरोप अडीचशे घरांसमोर झाला, तेव्हा माफी बंद दाराआड पुरणार नाही.

शेवटी काकूच पुढे आल्या. त्यांनी मला घरी बोलावलं, वहीच्या पानावर शाईपेनाने लिहिलेला मजकूर हातात दिला आणि म्हणाल्या, ‘हा जसाच्या तसा टाक. शुद्धलेखन तपासलंय.’ बटवा कुठे सापडला, चूक कुणाची, मावशींची अकरा वर्षांची सचोटी, सगळं त्यात होतं. कागदाचा फोटो काढून तसाच टाकला. त्याखाली आम्ही लिहिलं की ज्यांनी आधीचा मेसेज जिथे जिथे पाठवला तिथे तिथे हाही पाठवावा आणि पाठवल्याचं कळवावं. सात जणांनी कळवलं. मूळ मेसेज किती जणांनी पाठवला होता ते कळायला मार्ग नाही. टॉवरच्या ग्रुपवर माफी पोचली की नाही याची खात्री मला आजही देता येत नाही.

पैशांचा प्रश्न मावशींनीच सोडवला. साडी परत केली. ‘खाडे माझे नव्हते, तुम्ही पाडलेत. तेवढ्या दिवसांचा पगार द्या,’ म्हणाल्या. सहा घरांचा वीस दिवसांचा पगार. काकूंच्या मुलाने निम्मा दिला, उरलेला आमच्या वसाहतीतल्या तीन घरांनी आणि आम्ही ॲडमिननी. काकूंच्या घरी त्या पुन्हा जातात. आणखी दोन घरांनी बोलावलं. दोघांनी तोवर दुसरी बाई लावली होती. टॉवरमधल्या घराने ‘कशाला उगाच’ म्हणून नकार दिला.

ग्रुपमध्ये काय बदललं

त्या वर्षी कोजागरीच्या रात्रीच खंडग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे आटीव दुधाचा बेत रद्द झाला आणि गच्चीवर नुसती बैठक झाली. पंचेचाळीस माणसं आली, हे आमच्या वार्षिक सभेपेक्षा जास्त.

बैठकीआधी मी इतर ठिकाणी काय करतात ते वाचलं होतं. अमेरिकेत शेजाऱ्यांसाठीच काढलेलं नेक्स्टडोअर नावाचं जाळं आहे. तिथे ओकलंड शहरात, कृष्णवर्णीय माणूस दिसला की ‘संशयित’ म्हणून पोस्ट पडतात अशी तक्रार रहिवाशांनी लावून धरली. २०१६ मध्ये कंपनीने गुन्ह्याची पोस्ट लिहिण्याचा फॉर्मच बदलला. वर्ण लिहिलात तर कपडे, केस, बूट अशी आणखी ओळख द्या, नाहीतर पोस्ट पुढे जात नाही, आणि माणूस कसा दिसतो यापेक्षा त्याने काय केलं ते लिहा असं सांगितलं. मला त्यातलं एवढंच उचलावंसं वाटलं की लिहिणाऱ्याचा हात मध्येच थोडा थांबला पाहिजे.

त्यावरून ठरलं ते असं. हरवलेल्या वस्तूचा मेसेज टाकताना काय हरवलं, शेवटचं कधी पाहिलं आणि कुठे कुठे शोधलं एवढंच लिहायचं. संशय असेल तर तो कमिटीला किंवा पोलिसांना सांगायचा, ग्रुपवर कुणाचंही नाव आणि फोटो येणार नाही. आला तर तिघांपैकी जो आधी पाहील त्याने इतरांना न विचारता तो काढायचा. गेटवर कुणाला अडवायचं असेल तर दोन पदाधिकाऱ्यांची लेखी सही. शिवाय सूचनांचा ग्रुप वेगळा केला, त्यावर फक्त ॲडमिन लिहितात, म्हणजे पाण्याची वेळ गप्पांत बुडत नाही.

एक प्रस्ताव मात्र पडला. कामाला येणाऱ्या बायकांपैकी दोघींना ग्रुपमध्ये घ्यावं असं मी मांडलं. ‘मग आम्ही गावाला जातो तेव्हा घर बंद आहे हे त्यांना कळेल,’ असं उत्तर आलं. ते त्यांना कळतंच, चावी त्यांच्याकडेच असते, असं मी म्हटलं. हात वर आले सहा. मला हा निर्णय आजही पटलेला नाही आणि पुढच्या सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे.

नियमांची परीक्षा २०२४ च्या पावसाळ्यात झाली. जिन्याखालची एक गिअरची सायकल गेली आणि संध्याकाळी पार्सल पोचवणाऱ्या एका मुलाचा सीसीटीव्हीतला फोटो ग्रुपवर आला. मी चार मिनिटांत काढला. तीन दिवसांनी सायकल शेजारच्या इमारतीच्या मागे मिळाली, तिथल्याच पोराने फिरवायला नेली होती. पण चार मिनिटांत फोटो काढला म्हणून तीसेक जण रागावले आणि त्यांनी स्वतःचा वेगळा ग्रुप काढला, ‘मोकळं बोलता येईल’ म्हणून. तिथे काय चालतं ते मला दिसत नाही. आमच्या नियमांनी बोलणं थांबलं नाही, त्यातलं काही आमच्या नजरेआड गेलं, हेही या प्रकरणात धरायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, १०.२२ ते ११.३० हा वेळ. या अडुसष्ट मिनिटांत तिघांपैकी एकाने मेसेज काढून दोन जिने चढले असते तर मावशींची बाजू सूनबाईंच्या मेसेजइतक्याच लवकर कळली असती. शेजारधर्म म्हणतात तो जिना चढण्याचा आहे, आणि आम्ही तो फोनवर उरकायला लागलो होतो.

दुसरं, सूनबाई. सगळा दोष त्यांच्यावर टाकणं सोपं होतं आणि काही दिवस तसं झालंही. त्यांनी ग्रुप सोडला. त्या काकूंना रोज रात्रीचं जेवण देतात. त्यांना वाटलं, बाकीच्या घरांना सावध करणं आपलं काम आहे, आणि तीन वर्षं ग्रुपने त्यांना हेच शिकवलं होतं: काही दिसलं की लगेच टाका. ऑक्सिमीटरच्या दिवसांत त्याच घाईने जीव वाचवला होता. कुठल्या बातमीला घाई हवी आणि कुठल्या बातमीला थांबणं हवं, हे आम्ही ॲडमिननी कधी सांगितलंच नाही. मी त्यांच्याकडे महिन्याभराने गेले. आधी जायला हवं होतं.

तिसरं, ती २०२० ची शिधावाटपाची यादी. ती ग्रुपवर वर सरकवत गेलं की अजून सापडत होती, चौतीस कुटुंबांच्या नंबरांसह. कोजागरीच्या बैठकीनंतर मी रात्री बसून माझ्या फोनमधला एकेक फोटो काढून टाकला, इतके जुने मेसेज सगळ्यांसाठी काढता येत नव्हते. बऱ्याच जणांच्या फोनच्या गॅलरीत ते अजून असतील.

आजची स्थिती

मावशींना आता चार घरं आहेत. पूर्वीपेक्षा दोन कमी, पण त्यातल्या एका घरी पोळ्यांचंही काम मिळालं. काकूंनी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं, चावी मात्र अजून मावशींकडेच असते.

जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू नेहमीसारखं झालं. येणार की नाही याची मला धाकधूक होती, पण मावशी आल्या, लेकीला घेऊन. काकूंनी स्वतःच्या हाताने त्यांना कुंकू लावलं, वाण दिलं. मग कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना जवळ बोलावलं. मावशींनी वाटी लेकीच्या हातात दिली आणि त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ‘तुम्ही काढा,’ म्हणाल्या, ‘मी इथून बघते.’ मीही मग रांगेतून निघून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तो फोटो ग्रुपवर टाकलेला नाही.